समाधानी, असे लिहिले

जननी सुरक्षा योजना २००५ साली सुरू झाली, तेव्हा मी मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत होतो. पुढे एकदा पाहणीसाठी जिल्ह्याच्या एका सरकारी प्रसूतिगृहात गेलो. एक बाळंतीण सतरंजीवर, जमिनीवरच निजली होती. प्रसूतीला सहा तासही झाले नव्हते आणि घरी नेण्याची तयारी चालली होती. वास्तविक मातेला अठ्ठेचाळीस तास ठेवून घ्यावयाचे. रक्तस्रावाचे भय पहिल्या दिवशीच सर्वाधिक. ‘काही तक्रार?’ मी विचारले. ‘सब अच्छा है, साहब.’ मी रकान्यात ‘समाधानी’ असे लिहिले.

ती खोटे बोलली नव्हती. मूल जिवंत होते, कोणी हिडीसफिडीस केले नव्हते. तिचे माप तेवढेच होते. आपल्या घरांतील बाळंतिणीची खोली, शेकशेगडी, डिंकाचे लाडू यांनी माझे माप घडविले होते.

१९४४ साली, बंगालच्या दुष्काळानंतर, सिंगूर येथे झालेल्या पाहणीचा दाखला अमर्त्य सेन देतात. विधुरांपैकी जवळजवळ निम्म्यांनी प्रकृतीची तक्रार सांगितली. विधवांपैकी शेकडा अडीच जणींनी.

मग तिचा शब्द मी खोडावा काय? तो अधिकार मला कोणी दिला? परंतु तो जसाच्या तसा स्वीकारला, तर सोसणाऱ्याच्या सोशिकपणावर शासन निर्धास्त झोपते. ‘रक्तस्राव कोणी पाहिला का? बाळ अंगावर पिते का, हे कोणी विचारले?’ असे पुसायला हवे होते. छापील नमुन्यात ते प्रश्न नव्हते, आणि मलाही सुचले नाहीत.