शाळेचा जाब कोणाला विचारायचा?

28 ऑगस्ट 2017 रोजी नगर तालुक्यातल्या निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचे छत वर्ग भरलेला असताना कोसळले आणि तीन मुले दगावली. अशा दुर्घटनेनंतर पहिले बोट मुख्याध्यापकाकडे जाते, ते अन्यायाचे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि शाळेचा विकास आराखडा तीच करते. पण वार्षिक अनुदानातून खडू-फळा, वीजबिल असा किरकोळ खर्च भागतो, छत बदलत नाही. मोडकळीला आलेली खोली पाडायची तरी निर्लेखनाचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकारी, बांधकाम विभाग अशी टेबले ओलांडत जातो. समितीच्या हाती ठराव आहे, पैसा आणि अधिकार जिल्हा परिषदेकडे आहेत. तेव्हा जाबही तिथेच, आणि चारचौघांसमोर विचारला गेला पाहिजे.

छत निदान डोळ्यांना दिसते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून ऊसतोडीला गेलेले मूल कोणालाच दिसत नाही. दिवाळी आटोपली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या निघतात, आणि त्यांतल्या काही याच नगर जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या साखर कारखान्यांवर उतरतात. पहाटे आईबाप फडात गेले की कोपीवर, म्हणजे झोपडीपाशी, धाकट्या भावंडाला सांभाळत बसणारी दहा वर्षांची मुलगी गावच्या हजेरीपटावर असते. जिथे ती प्रत्यक्ष राहते, तिथल्या पटावर तिचे नाव नसते. तिच्यासाठी स्थलांतराच्या ठिकाणी शाळेत प्रवेश मिळवून देणारे शिक्षण हमी पत्रक आहे, गावात थांबणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण पत्रक मुलीच्या हाती देऊन गावची शाळा मोकळी होते आणि ते घेऊन ती कुठे पोहोचली हे पाहणे कोणाचेच काम उरत नाही. कायद्याने मात्र ते काम नेमून दिले आहे. आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे आणि स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे ही कलम 9 नुसार स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. घर आणि फड एकाच जिल्ह्यात असतील, तर दुसऱ्या जिल्ह्याकडे बोट दाखवायलाही जागा नाही.

हा जाब जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीत निवडून आलेल्या सदस्यांनी विचारावा म्हटले, की आक्षेप येतो, की ही समिती म्हणजे राजकारण, आणि शिक्षकांच्या बदल्यांमध्ये ते पुरेसे पाहून झाले आहे. आक्षेप खरा आहे. म्हणूनच 2017 पासून बदल्या संगणकावर गेल्या, ते उत्तमच झाले. पण बदली नियमाने करता येते. पाथर्डीची मुलगी उत्तरेकडच्या राहात्यात शाळेत का गेली नाही, हे कोणीतरी उभे राहून विचारावे लागते. मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक आले, आणि असा प्रश्न विचारण्याची सभागृहातली जागाच पुढे काही वर्षे रिकामी राहिली. अधिकारी कर्तबगार असतीलही. पण 14 तालुके आणि सतरा हजार चौरस किलोमीटरचा हा जिल्हा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, एका दालनातून कसा दिसणार? शिवाय अधिकाऱ्याचा अहवाल वरच्या कार्यालयाकडे जातो, पालकांसमोर येत नाही.

माझी मागणी मोठी नाही. कोणत्या गटात किती कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, उतरले याची नोंद कारखान्याच्या शेतकी खात्याकडे असते. त्याच नोंदीत मुलांची नावे आणि इयत्ता घ्यावी, ती यादी जवळच्या केंद्रप्रमुखाकडे जावी आणि हंगाम सुरू झाल्यावर महिन्याभरात किती मुले वर्गात बसली, हे शिक्षण समितीने, समिती नसेल तर प्रशासकाने, तालुकावार जाहीर करावे. धोकादायक खोल्यांची यादीही त्याच बैठकीत, गावांच्या नावांसह वाचली जावी.