ठिणगी केव्हा पडावी?

‘वेळ आली की बघू’ हे वाक्य आपल्या घरांत फार सहज बोलले जाते. मृत्युपत्राचा विषय निघो, घर कोणाच्या नावे करायचे हा विषय निघो, की दोन भावांतला जुना हिशेब असो, वडीलधारे माणूस एवढेच म्हणते आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरते. बोलणे खोटे नाही. प्रत्येक गोष्टीला तिची वेळ असतेच. पण वाचकहो, वेळ आली हे ओळखायचे कशावरून? आणि ती आल्यावर बघायचे, की येण्याच्या थोडे आधी? मला पटलेले उत्तर माझ्या मामांच्या मोटार गॅरेजात मिळाले. विषय जरा तेलकट आहे, पण सांगतो.

मुंबईत शिवडीला 1928 साली जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना सुरू झाला. तिथून शेव्हरोले गाड्या बाहेर पडत. पुढे 1954 साली कंपनीने इथले काम आवरले, तरी त्या बनावटीचे सहा सिलिंडरचे पेट्रोल ट्रक कितीतरी वर्षे रस्त्यावर होते. आजचा ट्रक डिझेलचा. त्यात ठिणगी लागतच नाही, हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेटते. पेट्रोलच्या इंजिनात मात्र ठिणगी पाडावी लागते. ती कोणत्या सिलिंडरला आणि केव्हा द्यायची, हे काम डिस्ट्रिब्यूटरचे. इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्या घेत असेल तर सहा सिलिंडरांना मिळून सेकंदाला 100 ठिणग्या लागतात, आणि त्याही 1-5-3-6-2-4 अशा ठरलेल्या क्रमाने. आमच्या बँकेतल्या कोणत्याही कॅशियरला इतके चोख वाटप जमले नसते!

हा डिस्ट्रिब्यूटर बाहेर काढला आणि परत बसवायचा झाला, की आधी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणायचा. त्या इंजिनाच्या फ्लायव्हीलवर एक छोटी पोलादी गोळी बसवलेली असे. हँडलने इंजिन हळूहळू फिरवायचे आणि कवचाच्या भोकातून बघत राहायचे. गोळी काट्यासमोर आली की नवशिका म्हणतो, ‘झालं, आली खूण!’ आणि तिथेच फसतो.

कारण पिस्टन वर येतो तो दोनदा. इंजिनाच्या चार धावा असतात. मिश्रण आत ओढायचे, ते दाबायचे, पेटल्यावर जोर द्यायचा आणि जळका धूर बाहेर टाकायचा. या चार धावांत फ्लायव्हील दोन फेऱ्या घेते, डिस्ट्रिब्यूटर एकच. म्हणजे गोळी काट्यासमोर एकदा येते ती आत मिश्रण दाबले जात असताना, आणि एकदा येते ती नुसता धूर बाहेर पडत असताना. डोळ्याला दोन्ही वेळा सारखेच दिसते. धुराच्या फेरीवर डिस्ट्रिब्यूटर बसवला तर सगळ्या ठिणग्या पडतात, चांगल्या पडतात, पण जिथे पेटायला काही उरलेलेच नाही तिथे. मग हँडल मारून मारून खांदा दुखतो आणि ट्रक जागचा हलत नाही.

म्हणून मामा पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून त्या भोकावर अंगठा ठेवायला लावत. आतली हवा अंगठा उडवू लागली की समजायचे, ही दाबाची धाव. मगच भोकातून गोळी बघायची. खूण डोळ्याला दिसते, दाब अंगठ्याला कळतो. दोन्ही जुळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

आता आपल्या प्रपंचाकडे या. एका घरातली सगळी माणसे एकत्र येण्याचे प्रसंगही साधारण दोनच. एक, घरचा कर्ता बसता-उठता आहे, उत्सव आहे, मुली माहेरी आल्या आहेत, मुलगे रजा काढून आले आहेत. दुसरा, त्या कर्त्याचे तेरावे. माणसे तीच, सतरंजी तीच. मनातले बोलायला ‘सगळे जमलेत’ ही खूण दोन्ही वेळा सारखीच येते. पण पहिल्या वेळी शब्दामागे जोर आहे, कारण बोलणारा समोर आहे. त्याला विचारता येते, भांडता येते, समजून घेता येते. दुसऱ्या वेळी नुसता धूर. ‘बाबांच्या मनात असं होतं’ म्हणून चार जण चार गोष्टी सांगतात आणि कोणाचीच खरी-खोटी करता येत नाही. बँकेच्या काउंटरवर अशी भावंडे मी पुष्कळ पाहिली. खात्यावर नॉमिनी ज्याचे नाव तोच मालक, असे समजून आलेली. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो तो वारसांचा विश्वस्त म्हणून, हे त्यांना आमच्याकडून कळे. घरी सांगणारा आता राहिलेला नसे.

दाबाची धाव सापडली, तरी नेमकी टोकावर ठिणगी टाकून चालत नाही. पेट्रोल पेटायला आणि पसरायला काही क्षण लागतात. पूर्ण जोर पिस्टन खाली वळल्यावर मिळायला हवा असेल तर ठिणगी टोकाच्या अलीकडे पडावी लागते. या ट्रकला इंजिन संथ चालत असताना साधारण 5 अंश आधी. मिनिटाला 500 फेऱ्यांना 5 अंश म्हणजे सेकंदाचा 600वा भाग. एवढीशी घाई, पण ती हवीच. वेग वाढला की डिस्ट्रिब्यूटरमधली वजने फाकतात आणि ठिणगी आणखी अलीकडे नेतात. म्हणजे दिवस भराभर जाऊ लागले की आधी बोलण्याचे अंतर वाढवायचे असते. आपण वयाबरोबर उलट करतो!

ठिणगी उशिरा पडली तर इंजिन तापते, चढ ओढत नाही, अर्धे पेट्रोल धुराड्यात जळते. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच ती उलटा धक्का देते. हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडते, चालत्या इंजिनात ठोके वाजतात आणि पिस्टन खराब होतो. प्रपंचातही तसेच. हयातीतच घर, ठेवी, सगळे बक्षीसपत्राने देऊन टाकणे हा फार लवकरचा प्रकार. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत परत मागण्याची सोय आहे, पण आईबापांनी मुलाविरुद्ध अर्ज घेऊन उभे राहायचे, याला मोडलेले मनगटच म्हणायचे. शेवटपर्यंत गप्प राहणे हा उशिराचा. मृत्युपत्र करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, त्यातले मुलांना आपल्या तोंडाने सांगणे, हे पाच अंश अलीकडचे.

कोणी म्हणेल, ‘अहो, आधी सांगितलं की मुलं बदलतात.’ खरे आहे, काही बदलतात. ती भीती खोटी म्हणून उडवून लावता येणार नाही. पण जे तुमच्यासमोर बदलते ते तुम्हाला दिसते, आणि मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. डिस्ट्रिब्यूटरचा बोल्टही एकदम आवळायचा नसतो. इंजिन चालू करायचे, पट्टी किंचित सैल ठेवायची, डबी केसभर फिरवायची आणि आवाज ऐकायचा. मग ट्रक भरून चढावर न्यायचा. ठोके ऐकू आले तर थोडे मागे, ओढत नसेल तर थोडे पुढे. मगच आवळायचे.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधीची. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट, सुमारे अर्धा मिलिमीटर, ती पहिल्यांदा साफ करून नीट लावायची. ती नंतर बदलली तर टायमिंगही हलते. मुलांशी बोलण्यापूर्वी आपले मन असेच साफ केलेले बरे. एकावर राग आणि दुसऱ्यावर जीव, असे ठेवून कितीही मुहूर्ताने बोलले तरी वेळ चुकतेच.

उत्सवाला घरची माणसे जमतील. प्रसाद होईल, दुपारी सगळे निवांत बसतील. नुसती माणसे मोजू नका, घरात ऐकण्याची मनःस्थिती आहे का तेही अंगठा ठेवून पाहा. असेल तर बोलून टाका. नसेल तर पुढच्या वेळी, पण ती पुढची वेळ आपल्या हयातीतली असावी.