वैद्य लूक आणि शिकवणारे डॉक्टर



१८ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा संत लूक यांचा सण साजरा करते. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी संत पौल त्यांचा उल्लेख प्रिय वैद्य असा करतो, म्हणून डॉक्टर मंडळी त्यांना आपले आश्रयदाते संत मानतात. या दिवशी आपण डॉक्टरांसाठी प्रार्थना करतो, म्हणजे बहुधा आपल्याला बरे करणाऱ्या डॉक्टरांसाठी. यंदा त्यांच्यातल्या एका लहानशा गटाची आठवण ठेवावी असे मला वाटते. नवे फॅमिली डॉक्टर घडवणारे जे डॉक्टर आहेत, त्यांची. त्यांना आपल्या कामात समाधान मिळते का, हा प्रश्न आपण कधी कोणाला विचारलेला नाही.

आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला घरोघर जाताना एक गोष्ट जाणवते. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी मोठ्या हॉस्पिटलचे नाव क्वचितच असते. त्याच्या तोंडी असतात "आमचे डॉक्टर". ज्यांनी याच्या बापाची नाडी पाहिली, याच्या मुलांना गोवराच्या वेळी औषध दिले आणि आता याची शुगर सांभाळतात, ते. पण त्या डॉक्टरांचेही वय झालेले असते. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर कोण बसणार?

आपण नाशिककर या बाबतीत थोडे भाग्यवान, थोडे निष्काळजी. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. आडगावला १९९० पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही या साऱ्या शिक्षणात एक पोकळी आहे, आणि ती केवळ नाशिकची नाही, देशाची आहे. आपल्याकडे डॉक्टर होणाऱ्या मुलाला शिकवतात बहुतेक सगळे विशेषज्ञ, आणि तेही मोठ्या रुग्णालयात. हृदयाचे डॉक्टर हृदय शिकवतात, हाडांचे डॉक्टर हाडे. एका खोलीत बसून ताप, घरातले भांडण, गुडघेदुखी आणि मुलीच्या लग्नाची काळजी हे सगळे एकाच माणसात एकाच वेळी कसे पाहायचे, हे त्याला शिकवणारा फॅमिली डॉक्टर त्या पाच-साडेपाच वर्षांत त्याला जवळजवळ भेटतच नाही. फॅमिली मेडिसिनचे पदव्युत्तर शिक्षण आपल्या देशात आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी. ही ३ वर्षांची पदवी त्या विषयात मिळते. २००२ आणि २०१७ या दोन्ही राष्ट्रीय आरोग्य धोरणांनी या विषयाची गरज सांगितली. पण आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी एम.बी.बी.एस. झाली की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? "आता कशात स्पेशलायझेशन?" फॅमिली डॉक्टर हे उत्तर ऐकले तर आपला चेहरा थोडा पडतो. हे आपल्या धर्मग्रामातही घडते, म्हणून लिहितो.

ब्रिटनमध्ये रीत निराळी आहे. तिथे फॅमिली डॉक्टर व्हायचे तर पदवीनंतरची सुरुवातीची उमेदवारी संपवून आणखी ३ वर्षांचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याचा मोठा भाग अनुभवी फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातच, त्याच्या नजरेखाली होतो. शिकवणाऱ्याला त्याचे मानधनही मिळते. पण पैशाने भरून न येणारे एक ओझे तिकडेही आहे आणि इकडेही, ते म्हणजे वेळ. ज्या रुग्णाला आपण स्वतः पाच मिनिटांत तपासले असते, त्याला शिकणारा वीस मिनिटे घेतो. बाहेर रांग वाढते. बाकावरच्या आजीबाई कुरकुरतात. शिकवणाऱ्याला हात मागे बांधून गप्प बसावे लागते, आणि कुशल हाताला गप्प बसणे फार जड जाते.

मग अशा कामात समाधान कुठून यायचे? त्यासाठी संत लूक यांच्याकडेच जाऊ या.

त्यांच्या सणाच्या मिस्सेत दहाव्या अध्यायातील पहिली नऊ वचने वाचली जातात. प्रभू येशू बहात्तर शिष्यांना दोघेदोघे करून गावोगाव पाठवतो, पीक भरपूर आहे पण कामकरी थोडे आहेत असे सांगतो आणि आजाऱ्यांना बरे करण्याची आज्ञा देतो. येशू स्वतः त्या गावांना जाणारच होता. त्याच्या हाताला गुण होता, त्याला मदतनिसांची गरज नव्हती. तरी त्याने आपले काम दुसऱ्यांच्या कच्च्या हातात दिले.

ते हात किती कच्चे होते, हे लूक लपवत नाही. आधीच्याच, नवव्या अध्यायात एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन येतो आणि सांगतो की तुमच्या शिष्यांना विनवले, पण त्यांना जमले नाही. त्या वेळी प्रभूच्या तोंडून निघालेले उद्गार त्रासिक आहेत. तुमच्याबरोबर आणखी किती काळ राहू, किती सोसू, अशा अर्थाचे. दिवसभर विद्यार्थ्यांना तपासणी समजावून थकलेल्या कोणत्याही डॉक्टरने हा भाग एकदा सावकाश वाचावा. शिकवणाऱ्याचा थकवा शुभवर्तमानात आहे, आणि तो प्रत्यक्ष प्रभूचा आहे. मार्क याच प्रसंगात एक बारीक गोष्ट नोंदवतो. आम्हांला का जमले नाही, हे शिष्य त्याला नंतर घरात, एकांतात विचारतात आणि तो तिथे त्यांना उत्तर देतो. चूक कुठे झाली याचा धडा गर्दीसमोर दिला गेला नाही.

आता बहात्तर जण परत येतात तिथे या. ते आनंदाने उड्या मारत येतात, आम्हांला जमले म्हणून सांगतात. त्या यशाने फुगू नका, असे प्रभू त्यांना बजावतो. आणि लगेच लूक लिहितो की त्याच घटकेला येशू पवित्र आत्म्यात उल्लसित झाला. बंधू-भगिनींनो, प्रभू रडला हे आपण वाचतो, भुकेला झाला, दमला, होडीत झोपी गेला हेही वाचतो. तो आनंदाने भरून गेला असे उघड शब्दांत मात्र फार क्वचित सांगितले आहे. आणि जिथे सांगितले आहे, तिथे त्याने स्वतः कोणाला बरे केलेले नाही. त्याने शिकवलेल्यांनी केले आहे.

हा आनंद ओळखणारे एक दांपत्य आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघेही ख्रिस्ती, दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. १९७० साली त्यांनी त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला काम सुरू केले. त्यांनी घडवले ते डॉक्टर नव्हते. त्या गावातल्या बायका होत्या, कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. बाळंतपण कसे करावे, जुलाब झालेल्या बाळाला कसे वाचवावे, गरोदर बाईची तपासणी कशी करावी, हे त्यांनी या बायकांना शिकवले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. जामखेडला देशोदेशीचे डॉक्टर शिकायला येऊ लागले, तेव्हा त्यांच्यासमोर शिक्षिका म्हणून याच बायका बसू लागल्या. मेबलताई १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली प्रभूघरी गेले. जामखेडचे काम थांबले नाही.

माणसाला विद्या हातची सोडवत नाही. आपल्या जुन्या वैद्यांनी कित्येक गुणकारी औषधे स्वतःबरोबर चितेवर नेली, असे लोक अजून सांगतात. शिकवणारा डॉक्टर नेमके याच्या उलट करतो, आणि त्यासाठी त्याला आपली थोडी मदत लागते.

ही मदत तुमच्या-माझ्या हातात आहे. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर विचारतात, "हे नवे डॉक्टर आहेत, त्यांनी आधी तपासले तर चालेल ना?" आपण पटकन म्हणतो, "नको नको, तुम्हीच बघा." संकोच असेल, आजार नाजूक असेल, तर नाही म्हणण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. पण साध्या खोकल्याच्या वेळीही आपण नाही म्हणतो, कारण शिकाऊ हा शब्द ऐकला की आपल्याला स्कूटरवरची लाल अक्षरे आठवतात! त्या वीस मिनिटांत आपल्या पाठीवर टेकलेल्या थरथरत्या स्टेथोस्कोपने उद्या आपल्या नातवाची छाती तपासली जाणार आहे. आपले वृद्ध डॉक्टर शेजारी बसून हे सगळे ऐकत असतात. त्या तरुणाने नेमका प्रश्न विचारला की त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटते, ते एकदा निरखून पाहा.

संत लूक यांच्या सणाच्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत या शिकवणाऱ्यांसाठी एक वेगळी विनंती असेल. आपल्या धर्मग्रामातील डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि वैद्यकीय शाखेत शिकणाऱ्या मुलामुलींनी मिस्सेनंतर वेदीपुढे यावे. शिकणाऱ्यांनी, जमल्यास, आपल्याला शिकवणाऱ्या डॉक्टरांनाही बरोबर आणावे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. सर्वांसाठी आशीर्वादाची प्रार्थना होईल आणि नंतर चहा आहे.