सोप्या पदार्थाची अवघड गोष्ट

वऱ्हाडात पाहुण्याचं पोट भरलं की पाहुणचार संपत नाही. तिथून तो सुरू होतो. पहिल्या चार पोळ्या भुकेच्या, त्या कोणीही वाढील. पाचवी पोळी ताटावर आडव्या धरलेल्या हाताच्या फटीतून सोडायची, वर तुपाची धार धरायची, आणि "हे का जी, तुम्ही तं काही घेतलंच नाही" असं तोंड पाडून म्हणायचं, हा खरा पाहुणचार. अशा मुलखात 'अपेटायझर' नावाचा प्रकार रुजायला जरा जडच गेला. भूक लागावी म्हणून जेवणाआधी काहीतरी खायचं, ही कल्पनाच आमच्या पचनी पडेना. झोप यावी म्हणून आधी तासभर झोपून घ्या, असं कोणी सांगितलं तर कसं वाटेल?

पण पडली पचनी. आमच्या पचनी काय पडत नाही? आता अमरावतीच्या कॅम्पात काय किंवा अकोल्याच्या जठारपेठेत काय, दिवाळीपासून थर्टी-फर्स्टपर्यंत कुठेही जा, जेवणाआधी एक ट्रे फिरतो. ट्रेमध्ये दोन बोटं रुंदीचे खुसखुशीत चौकोन असतात. त्यात चीज असतं, चीजवर कसलं तरी फळ असतं, आणि यजमानीणबाईंच्या चेहऱ्यावर एक वाक्य असतं, "अहो, अगदी सोपं आहे!"

माझा सगळा घोटाळा या वाक्यापाशी होतो. पूर्वीच्या बायका असं कधी म्हणत नसत. अनारसे पुढे ठेवताना "अगदी सोपे आहेत हो" असं म्हणालेली गृहिणी मी तरी पाहिली नाही. तांदूळ तीन दिवस भिजत घाला, रोज पाणी बदला, सावलीत वाळवा, कुटा, चाळा, गुळात मळा, आणखी काही दिवस मुरू द्या, आणि मग एवढं करून कढईत ते हसतात. हसतात म्हणजे विरघळून फुटतात. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांना त्या हसण्यात विनोद दिसत नाही. अनारशाच्या ताटलीत अनारसा असतो एक आणि त्यामागे आठवडाभराचं आयुष्य असतं. पाहुणा ते सगळंच खातो. मग वीस मिनिटांत होणारा पदार्थ त्याच पाहुण्यापुढे ठेवला तर आपण त्याला काय दिलं? पदार्थ सोपा झाला की माया स्वस्त होते काय?

प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, हे मान्य. पण तो आमच्याकडे उभा राहिला स्वयंपाकघरात. दिवाळीला पुतणी पुण्याहून आली होती आणि सौ.ची आत्या अकोल्याहून. आत्यांचं वय ऐंशीच्या घरात. दिवाळीचा फराळ म्हणजे आत्या, असं त्या घराण्यात तीन पिढ्या चालत आलेलं. पुतणीने ओट्यावर मैदा, चीज आणि मुरंब्याची बरणी मांडली, तशा आत्या चष्मा पुसत आल्या.

"का करून राहिली व पोरी?"

"आजी, संध्याकाळच्या पार्टीसाठी चीज आणि संत्र्याचे पफ. एकदम सोपं आहे, वीस मिनिटांत भाजून होतात."

"वीस मिंटात?" आत्यांनी थोडा विचार केला. "मंग पाहुन्याले सांगशीन का?"

हसण्यासारखं आहे, आम्ही हसलोही. पण त्या प्रश्नात वऱ्हाडातल्या निम्म्या संसारांचा इतिहास आहे. ज्या बाईला व्यासपीठ नव्हतं, पगार नव्हता, वर्तमानपत्रात नाव नव्हतं, तिच्याजवळ सांगण्यासारखं एकच होतं, मी हे कसं केलं. तेही सोपं झालं तर ती सांगणार काय? थोड्या वेळाने आत्या पाटावर बसल्या आणि कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "आता माहं काही कामच नाही म्हना."

सोपेपणाची ही किंमत पाककृतीच्या पुस्तकात छापलेली नसते.

तसं पाहिलं तर 'घरचं' आणि 'आयतं' यांच्या सीमेवर आपण पूर्वीपासून गोंधळ घालत आलो आहोत. नानकटाई आठवा. दिवाळीच्या आधी मैदा, रवा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीवर न्यायची. भट्टी त्याची, पत्रे त्याचे, कारागीर त्याचा. आपलं फक्त सामान आणि 'आमच्या तुपात कोणाचं डालडा मिसळू नका' हा धाक. रांगेत उभं राहून मजुरी द्यायची आणि गरम डबे सायकलच्या हँडलला लटकवून घरी आणायचे. ही नानकटाई 'घरची' म्हणून वाटली जायची आणि कोणाच्याही सदसद्विवेकबुद्धीला ओरखडा उठत नसे. म्हणजे 'घरचं' याचा अर्थ घरात भाजलेलं असा नव्हता. ज्याच्यासाठी घरातल्या कोणीतरी डोकं खपवलं, ते घरचं.

हा डोकं खपवण्याचा भाग किती महत्त्वाचा, ते अमेरिकेतल्या कंपन्यांनी बरोब्बर ओळखलं. तिथे पिट्सबर्गच्या डफ अँड सन्स या कंपनीने १९३०च्या दशकात केकचं तयार पीठ काढलं. पाणी घाला आणि भाजा, इतकं सोपं. अंडंसुद्धा सुकवून भुकटी करून त्यातच. पण १९३५ साली मिळालेल्या पेटंटात त्याच कंपनीने लिहिलं, की गृहिणींना ताजं अंडं स्वतः घालणं जास्त पसंत पडतं. पुढे १९५०च्या दशकात अर्नेस्ट डिश्टर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने याला शास्त्राचा टिळा लावला. सगळंच आयतं मिळालं तर बाईला अपराधी वाटतं, म्हणून तिच्यासाठी काहीतरी काम शिल्लक ठेवा, असं त्याचं म्हणणं. अंडं फोडण्याचं काम म्हणजे बाईच्या मनाची समजूत. लहान मुलाला पोळपाटावर कणकेचा गोळा देऊन बसवतात, तसला प्रकार.

मला ही युक्ती हुशारीची वाटते, पण प्रामाणिक वाटत नाही. आत्यांच्या हाती आपण असं एखादं अंडं दिलं असतं, म्हणजे 'आत्या, तुम्ही नुसता हात लावा हो' असं म्हटलं असतं, तर त्यांनी ते तत्काळ ओळखलं असतं. म्हाताऱ्या माणसाला कामाची गरज असते. कामाच्या नाटकाची नसते.

सुदैवाने नाटकाची वेळ आली नाही, कारण पुतणीला हव्या होत्या त्या पफच्या गोठवलेल्या तयार पट्ट्या कुठल्याच दुकानात मिळाल्या नाहीत. तिने मोबाइलमधलं चित्र आत्यांना दाखवलं. एकावर एक पापुद्रे सुटलेला चौकोन. आत्यांनी ते चित्र दोन बोटांनी मोठं केलं (ही विद्या त्यांना येते) आणि म्हणाल्या, "अवं, हे तं साट्याचं हाय. करंजी उघडी ठेवली अन् भाजली, तं हे झालं."

आणि ते अक्षरशः खरं आहे. तूप फेसून त्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर घालायचं, की झाला साटा. दोन वाट्या मैद्याच्या तीन पातळ पोळ्या लाटून, प्रत्येकीवर साटा माखून, एकावर एक रचून घट्ट वळकटी करायची. ती कापून पुन्हा लाटायची. तूप एका थराला दुसऱ्याशी चिकटू देत नाही. उष्णता लागली की पिठातल्या पाण्याची वाफ होते, वाफ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा मागते, आणि ती जागा करून देण्यासाठी थर एकमेकांपासून अंग चोरून वर उठतात. फ्रेंच आचारी हे लोण्याने करतो, बेकरीतला खारीवाला वनस्पती तुपाने करतो, आत्या साजूक तुपाने करतात. निसर्गाला तिघंही सारखेच.

मग त्याचे दोन-दोन इंचांचे चौकोन कापले. प्रत्येकावर चमचाभर किसलेलं चीज. ते खारट असतं म्हणून वेगळं मीठ नाही. त्यावर अर्धा चमचा संत्र्याचा मुरंबा. ताजी फोड ठेवायची नाही; तिचा रस सुटतो आणि खालचा थर लगदा होऊन बसतो. वरूड-मोर्शीकडच्या आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास बाजारात येऊ लागतात, त्यांचा मुरंबा असला तर चीजच्या खारटपणाशी त्याचं छान जमतं. समोरासमोरची दोन टोकं उचलून मधोमध दाबायची आणि २०० अंशांवर साधारण वीस मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत भाजायचं. २०० अंश ऐकून कोणी दचकू नये. अकोल्यात मे २०२४मध्ये पारा ४५च्या वर गेल्यावर उन्हापायी कलम १४४ लावलं होतं. आम्हाला उष्णतेची भाषा नवी नाही.

या सगळ्यात मला एक वेगळीच गोष्ट दिसली. साटा आत्यांनी केला, कारण तो दुसऱ्या कुणाला नीट येत नव्हता. पण चौकोन कापायला शेजारचा पोरगा बसला, चीज किसायला जावईबुवा बसले, आणि टोकं दाबायला तर पाहुणे म्हणून आलेले एक निवृत्त अभियंतासुद्धा बाह्या सरसावून बसले. अनारशाच्या वेळी असं कधी झालं नव्हतं. अनारसे चालू असताना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवण्याची हिंमत कोणात नसे. अवघड पदार्थ एकटीचा असतो. त्याचा मानही एकटीचा आणि त्याचा शीणही एकटीचा. सोपा पदार्थ सगळ्यांचा होऊ शकतो. सोपेपणाचा मोठा गुण मला हा वाटतो. वीस मिनिटं वाचतात हा नव्हे.

आणि हे वऱ्हाडाला नवीन कुठे आहे? आमचा मूळ भाजका पदार्थ म्हणजे रोडगे. जाडसर कणकेचे तेल लावलेले थर, त्यांचा गोळा, आणि ओव्हन म्हणजे गोवऱ्यांचा जगरा. राख झटकायची, फोडायचा, तुपात बुडवायचा, सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. शेतात नाहीतर देवळाच्या आवारात रोडग्यांची पंगत बसते आणि तिथे करणारे बहुधा पुरुष असतात. एक कणीक मळतो, एक जगऱ्यावर नजर ठेवतो, उरलेले सूचना देतात. त्या दिवशी त्यांचं काय कौतुक होतं! "भाऊच्या हातचे रोडगे म्हंजे रोडगे!" वर्षातून दोनदा रोडगे भाजणाऱ्या भाऊचं नाव पंचक्रोशीत होतं, आणि वर्षाचे ३६५ दिवस पोळ्या लाटणाऱ्या वहिनीला 'भाजीत मीठ कमी आहे' एवढाच अभिप्राय मिळतो. म्हणजे माया मोजताना आपण श्रम मोजतो, हेही खरं नाही. आपण मोजतो ते कोणी केलं हे पाहून.

याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी पाहुणचाराचा हा हिशेब साफ उलटा केला होता. गावात आले की आधी हातात खराटा. गाव झाडून झाल्यावर मग भाकर. खाणाऱ्यानेही हात हलवावा, हा त्यातला अर्थ. कर्ज काढून सण करू नका, जेवणावळी घालू नका, असंही ते कीर्तनातून बजावत. पाहुण्यासाठी राबून मोडून पडणं हेसुद्धा एक कर्जच आहे. ते फक्त सावकाराच्या वहीत लिहिलेलं नसतं. गुडघ्यात आणि कंबरेत लिहिलेलं असतं.

तेव्हा पाहुणचार मोजायचाच असेल तर करणाऱ्याचे हात किती थकले यावर मोजू नये. करणारं माणूस पंगतीत कधी बसलं, त्यावर मोजावा. आत्यांच्या पिढीने आयुष्यभर दुसऱ्यांना गरम वाढलं आणि स्वतः मागाहून गार खाल्लं. त्या संध्याकाळी पहिला ट्रे निघाला तेव्हा आत्या दिवाणखान्यात, खुर्चीवर, पाहुण्यांच्या मधोमध होत्या. गरम पफ त्यांनी तोंडात टाकला, जीभ भाजली, आणि वारा घालत म्हणाल्या, "माय वं! गरम गरम असं लागते होय?"

म्हणून यापुढे कोणी ट्रे पुढे करून "अगदी सोपं आहे" म्हणालं, तर चवीची चौकशी नंतर करावी. आधी विचारावं, कोणासाठी सोपं? करणारी आपल्याबरोबर बसणार असेल, तर खुशाल दोन घ्यावेत. आणि ती पुन्हा आत निघाली असेल, तर तिच्या मागोमाग आपणही जावं. चीज ट्रेला एकदा चिकटलं की ते खरवडून काढणं कोणत्याही पुस्तकात सोपं म्हणून सांगितलेलं नाही.