गळाचं दुसरं टोक



आजचा पाठ एकनाथी भागवताचा, अध्याय आठवा. अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो, त्यातले अजगर, मासा आणि पिंगळा असे तिघे या एकाच अध्यायात भेटतात. नाथांनी पैठणला सुरू केलेला हा ग्रंथ १५७३ साली काशीत पूर्ण झाला. मी तो दर वर्षी वाचतो. यंदा मात्र आठवा अध्याय मला मुरबाड तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या काठावर कळला, तेच आज सांगतो.

माझा धाकटा भाऊ मुरबाडकडे राहतो, मी शहापुरात. गळ टाकून मासे धरायचा त्याला लहानपणापासून नाद. मी माळकरी. आमचं बोलणं जवळजवळ बंदच होतं, आणि कोणी विचारलं तर मी म्हणायचो, "त्याचं-आमचं जमत नाही, तो मासेवाला." खरं कारण वेगळं होतं. आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, त्यात आमचा वडिलोपार्जित तुकडा गेला. मोबदल्याची सगळी कागदपत्रं मी केली, आणि हिशेब करताना 'धावपळीचा खर्च' म्हणून थोडी रक्कम माझ्याकडे ठेवली. त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

मार्गशीर्षात त्याचा फोन आला. "दादा, रविवारी इथे गळाची स्पर्धा आहे. जोडीने नाव द्यायचंय, माझा जोडीदार आजारी पडलाय. तू नुसता बस. मासा मारायचा नाही, वजन करून पाण्यात सोडायचा." एरवी मी नाही म्हटलं असतं. पण उरलेल्या जमिनीला गिऱ्हाईक आलं होतं. सातबारावर दोघांची नावं, त्यामुळे संमतीपत्रावर त्याची सही हवी होती. मी कागद पिशवीत घातला आणि पहाटे किन्हवली, सरळगाव करत निघालो.

काठावर चाळीसेक माणसं. भावाने कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून गोळी केली, गळाला लावली, दोरी फेकली. पाण्यावर मोरपिसाचं देठ उभं राहिलं. मी गळाला हात लावला नाही. जाळी धरून बसलो.

आठ वाजले, दहा वाजले. देठ हललं नाही. भाऊ म्हणाला, "पाणी गार झालं की मासा तळाला बसतो. खायलाच उठत नाही." पलीकडच्या जोडीला एक रोहू लागला, वजन झालं, टाळ्या झाल्या. मासा सोडताना पाहिलं, त्याचं तोंड फाटलं होतं. सोडला म्हणून काय झालं, गळ तर लागलाच होता.

तेव्हा अवधूताचा मासा आठवला. अवधूत सांगतो, उपाशी राहून बाकीची इंद्रियं आवरतील, पण जीभ उलट जास्त खवळते. मासा मरतो तो जिभेपायी. इतकी वर्षं हे वाचताना मला वाटायचं, हे खाणाऱ्यांसाठी आहे. मी तर माळ घातलीय, माझी जीभ जिंकलेली. आणि त्याच वेळी माझ्या पिशवीत संमतीपत्र होतं. सकाळपासून मी गोड बोलत होतो, वहिनीची चौकशी, पोरांची चौकशी. ती सगळी कणकेची गोळी होती, माउली. भाऊ माशाला गळ टाकत होता आणि मी भावाला. पण गोळी लावणारा मीही कुठे मोकळा होतो? जमिनीच्या पैशाचा गळ माझ्याच टाळूत कधीचा रुतला होता.

दुपारी त्याने भाकरी सोडली. माझ्यासाठी वेगळ्या डब्यात वांग्याची भाजी आणली होती, बिनलसणाची. मी काही बोललो नाही.

पिंगळाही अशीच बसली होती. गिऱ्हाइकाची वाट पाहत मध्यरात्रीपर्यंत दारात आत-बाहेर करत राहिली. कोणी आलं नाही. मग तिची आशाच सुटली आणि ती सुखाने झोपली. अजगरही पडून असतो, पण तो आपोआप येईल तेवढ्यावर राहतो. बाहेरून पाहिलं तर दोघं नुसतीच बसलेली. फरक आतल्या मागण्यात. काठावर माझा भाऊ अजगरासारखा निवांत होता, मी मध्यरात्रीआधीची पिंगळा.

चारला शिट्टी झाली. आमच्या नावापुढे शून्य. भाऊ हसत दोरी गुंडाळू लागला. मी म्हणालो, "माझ्या पिशवीत एक कागद आहे."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "उगाच एवढ्या लांब तू येशील का, दादा?"

तोंडात मारल्यासारखं झालं. मग मी खर्चाच्या नावाखाली ठेवलेल्या रकमेचं सांगितलं, आकड्यासकट. ती परत देतो म्हणालो. तो बराच वेळ गप्प होता. शेवटी एवढंच म्हणाला, "पुढच्या रविवारी ये. कागद घरी ठेवून ये."

सही अजून झालेली नाही. व्हावी असं वाटतं, खोटं कशाला सांगू? आशा पिंगळेसारखी एका रात्रीत सुटली, असं माझं झालेलं नाही. पण पैसे मी दुसऱ्याच दिवशी त्याच्या खात्यात भरले, आणि रविवारी रिकामी पिशवी घेऊन गेलो. त्या दिवशी आम्ही वडिलांबद्दल बोललो, कितीतरी वर्षांनी.

आजचा नेम: आज ज्याच्याशी गोड बोलाल, त्याच्याकडून आपल्याला काय हवंय ते आधी मनाशी विचारा. काही हवं असेल तर सरळ मागा. गोळी लावू नका. आणि कोणाचं काही आपल्याकडे राहिलं असेल, तर त्याने विचारायच्या आधी परत करा. हरिपाठ त्यानंतर म्हणा, जास्त गोड लागेल.

राम कृष्ण हरी.