पोथीतील पावती

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी अनन्य भक्तांचा योगक्षेम वाहण्याचे वचन दिले आहे. शब्द आपल्या नित्य उच्चारातला आहे, पण त्याची फोड आपण क्वचितच करतो. भाष्यकार सांगतात की, जे मिळालेले नाही ते मिळणे हा योग, आणि जे मिळाले त्याचे रक्षण होणे हा क्षेम. योग झाला आणि क्षेम राहिला, तर आज ओंजळीत आलेले पाणी उद्या गळून जाते.

येथे शंका निघते की, भार देवच वाहणार तर आपण मध्ये का पडावे? उत्तर संतचरित्रातच आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळात लोक अन्नान्न करू लागले, तेव्हा पंतांनी सरकारी कोठारे खुली केली. बादशहाचा कोप झाला. तेव्हा पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेतले, बिदरच्या दरबारात धान्याची किंमत भरली, आणि पावती आणून पंतांच्या गीतेच्या पोथीत ठेवली, अशी कथा आहे. कीर्तनात आपण देवाच्या धावण्यापाशी गहिवरतो आणि पावतीपाशी घाईने पुढे जातो. पण ज्याच्या इच्छेने ब्रह्मांड चालते, त्याने कागद का मागून घ्यावा? दरबारात कागदावाचून काही खरे मानीत नाहीत, हे तो जाणत होता. पैसे भरले हा योग, पावती घेतली हा क्षेम. देवाने दोन्ही केले.

आजचे कोठार बंद नाही. आपल्या राज्यघटनेच्या 41व्या कलमात वार्धक्य, आजार, अपंगत्व अशा प्रसंगी राज्याने आपल्या कुवतीप्रमाणे लोकांना साहाय्य करावे, असे तत्त्व घातले आहे. महाराष्ट्रात 1980 साली संजय गांधी निराधार अनुदान योजना निघाली. ती 65 वर्षांच्या आतील निराधार, विधवा, अपंग ह्यांच्यासाठी. पासष्टी गाठलेल्यांना श्रावणबाळ योजना आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत, आणि राज्यात 15 वर्षे वास्तव्य, अशा सर्वसाधारण अटी आहेत. 2023 साली मदत महिना 1,500 रुपये झाली. अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य आहे. दारिद्र्यरेषेखालील घरातला 18 ते 59 वयाचा कर्ता माणूस गेला, तर घराला एकरकमी 20,000 रुपयांची तरतूद आहे. कोठार आहे, धान्य आहे. मग गरीब दाराशी उपाशी का? कुलूप कागदाचे आहे, आणि किल्ली अक्षर ओळखणाऱ्याच्या हाती आहे.

आमच्या दिंडीत एक माउली आहे. नवरा गेलेला, पोटी मूल नाही, कंबरेत वाकलेली. तिचे श्रावणबाळचे पैसे एकाएकी बंद पडले. वर्षातून एकदा द्यावयाचा हयातीचा दाखला राहून गेला होता. ती आम्हांला म्हणाली, "महाराज, आळंदीपासून पंढरीपर्यंत पायी चालले, आणि तहसिलात म्हणतात तू हयात असल्याचं दिसत नाही. आता जिवंत आहे हे सांगू तरी कुणाला?" ऐकणारे हसले, पण तिला हसू नव्हते. चार महिने तिने मिठाशी भाकर खाल्ली होती. दिंडीतला एक टाळकरी तिच्याबरोबर गेला. दाखला दिला, आधारवरचे आणि बँकेच्या पुस्तकावरचे नाव जुळत नव्हते ते जुळवून घेतले, खाते आधारशी जोडले. तीन हेलपाटे पडले. पैसे पुन्हा सुरू झाले. त्या पोराने त्या तीन दिवसांत काकडा चुकवला असेल, पण पांडुरंगाच्या वहीत त्याची हजेरी लागली आहे, असे आम्ही निःशंक सांगतो.

कोणी म्हणतील, सरकारदारी हात पसरणे वारकऱ्याला शोभत नाही. बाबांनो, ही भिक्षा नव्हे. दुष्काळात राबणाऱ्याला काम मागण्याचा हक्क असावा म्हणून ह्याच महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला, वि. स. पागे ह्यांनी त्यासाठी जन्म वेचला. अन्नाच्या हक्काचा कायदा 2013 साली झाला. हक्काचे मागताना मान खाली घालावयाची नसते. मान खाली घालावी ती दोघांनी. बागायत असून निराधार म्हणून नाव लावतो त्याने, आणि विधवेच्या पहिल्या हप्त्यातून दलाली कापतो त्याने. तुळशीची माळ घालून असला घास गिळला, तर ती माळच गळ्याला फास होईल.

तेव्हा प्रत्येक दिंडीने, प्रत्येक भजनी मंडळाने एवढे करावे. एकादशीच्या भजनानंतर एक घटका काढावी. गावात पासष्टीपुढचे कोण, विधवा कोण, अपंग कोण, ह्याची यादी करावी. जात, भावकी, मत कोणाला दिले हे विचारू नये. प्रत्येकाचे नाव व वय सर्व कागदांवर एकच आहे ना, ते पाहावे. खुरपे धरून बोटांच्या रेषा झिजतात, रेशन दुकानातले यंत्र अंगठा घेत नाही. अशा वेळी म्हातारीला एकटीने रिकामी पिशवी घेऊन परतू देऊ नये, पुरवठा शाखेत लेखी कळवावे. ऊसतोडीला गेलेल्यांना सांगावे की, आपल्या शिधापत्रिकेवरचे धान्य परमुलखातही मिळू शकते. आणि अर्ज दिला की पावती घ्यावीच. ठरलेल्या सेवा ठरल्या मुदतीत मिळण्याचा कायदा राज्यात 2015 साली झाला आहे. पण पावती नसेल तर मुदत मोजावी कुठून?

हा झाला योग. क्षेम ह्याहून अवघड आहे, कारण तो दरसालचा आहे. पंढरीची वारी एकदा करून भागत नाही, तसा हयातीचा दाखलाही एकदा देऊन भागत नाही. म्हणून ज्याने ज्याचे काम हाती घेतले, त्याने त्याची वारी धरली असे समजावे.

देव योगक्षेम वाहतो, हे त्रिवार सत्य आहे. पण तो वाहावयास निघतो, तेव्हा कोणाचे तरी पाय आणि कोणाचे तरी हात घेऊन निघतो. दामाजींच्या वेळी त्याने महाराचे रूप घेतले. आज त्याला तुमच्यातल्या एखाद्या चार इयत्ता शिकलेल्या टाळकऱ्याचे रूप घ्यावेसे वाटले, तर त्याला नाही म्हणू नका. आपल्या पोथीच्या रुमालात एका निराधाराची पावती बांधून ठेवा. वाचनाला बसताना ती हाती लागेल, आणि मुदत संपत आली की नाही ते पाहता येईल.

रामकृष्णहरि.