नेमणूक आणि फलाशा

अभियांत्रिकीचा प्राध्यापक नेमताना विद्यापीठाने त्याच्याकडून काय मागावे, हा प्रश्न वरकरणी प्रशासनाचा वाटतो. ऊर्जा आणि हवामान या क्षेत्रांत मात्र तो सरळसरळ धर्माधर्माचा प्रश्न आहे. साधा हिशोब करून पाहावा. आज बत्तिसाव्या वर्षी आयआयटीत रुजू झालेला साहाय्यक प्राध्यापक पासष्टाव्या वर्षी निवृत्त होईल. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी जाहीर केलेले वर्ष आहे २०७०. तोवर हा प्राध्यापक सेवेत नसेल. त्याने शिकवलेली मुले ऐन कर्तेपणात असतील. ज्यांच्यासाठी हे संशोधन व्हायचे, त्यांतले कितीतरी लोक अजून जन्मालाही आलेले नाहीत, आणि निवड समितीच्या टेबलाशी त्यांच्या वतीने बोलायला कोणी बसलेले नसते.

त्या टेबलावर असतो तो उमेदवाराचा अर्ज. शोधनिबंध किती, त्यांचे दाखले किती जणांनी दिले, पुरस्कृत प्रकल्पांतून किती लाख आणले, याचे रकाने भरलेले असतात. हे सारे मागच्या फळांचे मोजमाप आहे आणि पुढेही दर दोन-तीन वर्षांनी अशीच फळे दाखवावी लागतील, असा त्यात गर्भित करार आहे. दुसऱ्या टोकाला एक जुने आणि आदरणीय मत आहे: ज्ञान ज्ञानासाठीच, विद्यापीठाने कुठलेही सामाजिक प्रयोजन गळ्यात बांधून घेऊ नये. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी ज्ञानी माणसाच्या कर्मत्यागाविरुद्ध जो पक्ष मांडला, तो इथे थेट लागू पडतो. ज्ञान झाले तरी लोकसंग्रहासाठी कर्म सुटत नाही. सुटायला हवी ती फलाशा. विद्यापीठाने प्राध्यापकाला प्रश्नाशी जरूर बांधावे. ठरलेल्या मुदतीतल्या उत्तराशी बांधू नये.

याला पुरावा आहे, आणि तो आज प्रत्येकाच्या खिशात आहे. जॉन गुडइनफ हे शिकागोत शिकलेले भौतिकशास्त्रज्ञ. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत त्यांनी संगणकाच्या चुंबकीय स्मृतीसाठी लागणाऱ्या पदार्थांवर काम केले. १९७६ साली ऑक्सफर्डने या भौतिकशास्त्रज्ञाला आपल्या असेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख नेमले. रकाने मोजणाऱ्या समितीने हा अर्ज बहुधा विषयाबाहेरचा म्हणून बाजूला ठेवला असता. चार वर्षांत तिथे लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र तयार झाला. त्या शोधाचे पेटंट घ्यावे असेही ऑक्सफर्डला वाटले नाही, इतके त्याचे मोल तेव्हा कोणाच्या लक्षात आले नव्हते. सोनीची लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ साली. नोबेल मिळाले २०१९ साली, गुडइनफ सत्त्याण्णव वर्षांचे असताना. ऑस्ट्रेलियातले उदाहरणही याच जातीचे. मार्टिन ग्रीन १९७४ साली न्यू साउथ वेल्स विद्यापीठात रुजू झाले आणि सिलिकॉनच्या सौरघटावर काम करत राहिले. त्यांच्या गटाने ऐंशीच्या दशकात विकसित केलेली ‘पर्क’ रचना जगभरच्या सौरपॅनेलांत सर्रास वापरली जाऊ लागली ती तीन दशकांनंतर. मधल्या काळात त्यांचेच विद्यार्थी शी झेंगराँग यांनी २००१ साली चीनमध्ये सनटेक ही कंपनी काढली. दोन्ही ठिकाणी प्रश्न पक्का धरलेला होता. फळ कधी आणि कोणाच्या अंगणात पडेल, हे नेमणाऱ्यांना माहीत नव्हते.

यावर पहिला आक्षेप घाईचा. पृथ्वी तापते आहे, तीस वर्षे थांबायला वेळ कोणाला आहे? आक्षेप खरा आहे, पण तो चुकीच्या दारावर येऊन थडकतो. जे तंत्र आज तयार आहे ते गावोगाव पोचवणे हे सरकारचे, वीज कंपन्यांचे, उद्योगांचे काम आहे आणि त्यात एक दिवसही दवडू नये. काही गाठी मात्र घाईने सुटणाऱ्या नाहीत. सिमेंटच्या भट्टीत कोळशाऐवजी स्वच्छ इंधन जाळले तरी चुनखडी तापली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच. तो दोष इंधनाचा नसून त्या दगडाच्या रसायनाचा आहे. अशा गाठीशी जन्मभर बसणारा माणूस विद्यापीठानेच पोसायचा असतो.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञांचा, आणि तो जास्त खोल आहे. डेरेक पारफिट यांनी १९८४ साली दाखवून दिले की आपली धोरणे बदलली तर पुढे जन्माला येणारी माणसेच वेगळी असतील. मग अमुक एका माणसाचे आपण नुकसान केले, असे म्हणायचे कसे? हक्काच्या भाषेत याला उत्तर देणे फार अवघड आहे. ऋणाच्या भाषेत ते सापडते. आपल्या परंपरेने पितृऋण सांगितले, पण ते फेडायचे संततीतून. ऋषिऋण सांगितले, ते अध्ययनातून. घेतले मागच्यांकडून, द्यायचे पुढच्यांना. समोरची व्यक्ती नेमकी कोण, हे ठरल्याशिवाय ऋण लागू होत नाही, अशी अट त्यात नाही. कोळशाच्या विजेवर उभ्या राहिलेल्या समृद्धीचा लाभ घेतलेली आपली पिढी ऋणको आहेच.

आणि ऋण मान्य केले तर नेमणुकीच्या अटीही तपासाव्या लागतात. देणगीदार कंपनी प्रश्न ठरवणार असेल, तर ती बांधिलकी प्रश्नाशी राहत नाही. महाराष्ट्रात तर त्याआधीची पायरीच खचली आहे. कितीतरी महाविद्यालयांत पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर माणसे घेतली जातात, तासागणिक पैसे मिळतात, सुट्टीत तेही नाहीत. पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याला फलाशा सोडून तीस वर्षांचा प्रश्न हाती घे असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. निष्काम कर्माची अपेक्षा करायचा अधिकार, ज्याने त्या माणसाच्या निर्वाहाची हमी घेतली आहे त्यालाच पोचतो.